शल्य आणि उपद्रव : मेंदूच्या शस्त्रक्रियेतील कृत्रिम द्रव्यांचा उत्तरकाळ

१

शस्त्रवैद्यकाचे इतिहासग्रंथ बहुधा शस्त्रक्रियेच्या दिवसापाशी थांबतात. अमुक शस्त्रवैद्याने अमुक साली अमुक धाडस प्रथम केले, अशी नोंद झाली की इतिहासकार पुढील धाडसाकडे वळतो. रोग्याच्या बाजूने पाहिले तर मात्र खरा इतिहास त्या दिवसापासून सुरू होतो. विशेषतः ज्या शस्त्रक्रियेत बाहेर तयार झालेली एखादी वस्तू शरीरात कायमची ठेवली जाते, तिचा निकाल टाके काढण्याच्या वेळी लागत नाही. तो दहा, वीस, कधी तीस वर्षांनी लागतो. तोवर शस्त्रवैद्य निवृत्त झालेला असतो, ती वस्तू बनविणाऱ्या कारखान्याने तिचे उत्पादन थांबविलेले असते, आणि रुग्णालयातील कागदपत्रे रद्दीच्या किंवा वाळवीच्या स्वाधीन झालेली असतात.

मेंदूच्या शस्त्रक्रियेत विसाव्या शतकात अशा कृत्रिम द्रव्यांचा जो वापर झाला, त्याचा हा उत्तरकाळ प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : ही द्रव्ये ‘निष्क्रिय’ या एका शब्दाच्या भरवशावर स्वीकारली गेली. हा शब्द द्रव्याचा स्थायी गुण सांगतो असे मानले गेले. परंतु प्रत्यक्षात तो निरीक्षणाचा काळ तेवढा सांगत होता. जे द्रव्य एक वर्ष पाहिले ते एका वर्षापुरते निष्क्रिय ठरले, आणि जे वीस वर्षे पाहिले त्याची क्रिया विसाव्या वर्षी दिसली. उशिरा उद्भवणाऱ्या उपद्रवांचा इतिहास हा म्हणूनच काही अपघातांची यादी नव्हे. शब्द आणि काळ यांच्यातील विसंगतीचा तो इतिहास आहे.

२

या विषयाचा विचार करताना मराठीच्या पदरी असलेले काही जुने शब्द फार उपयोगी पडतात. शस्त्रवैद्यकाला आयुर्वेदात ‘शल्यतंत्र’ म्हणतात आणि आठ अंगांपैकी ते एक अंग होय. ‘शल्य’ म्हणजे बाण, काटा, शरीरात रुतलेली परकी वस्तू. अर्थात नावाप्रमाणे पाहता ही विद्या मुळात शरीरात काही ठेवण्याची नव्हे, तर रुतलेले बाहेर काढण्याची आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसावा अध्याय शरीरात दडून बसलेल्या शल्याच्या ज्ञानासंबंधी आहे. त्यात शल्याचे शारीर आणि आगंतुक असे दोन प्रकार सांगून पुढे एक लक्षणीय भेद केला आहे. सोने, रुपे, तांबे, पितळ, कथील, शिसे यांचे शल्य दीर्घकाळ शरीरात राहिल्यास पित्ताच्या उष्णतेने विलीन होते. शिंग, दात, केस, हाड, वेळू, लाकूड, दगड, माती यांचे मात्र तसे होत नाही, असे तेथे म्हटले आहे. सोने शरीरात विरघळते हे आजच्या रसायनशास्त्राला मान्य होणार नाही. परंतु उत्तर चुकले तरी प्रश्न मांडण्याची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. ही वस्तू आज काय करते, एवढ्यावर हा ग्रंथकार थांबत नाही. ती दीर्घकाळ राहिली तर तिचे काय होते, असे तो विचारतो.

दुसरा शब्द ‘उपद्रव’. उंदरांच्या किंवा शेजाऱ्यांच्या उपद्रवामुळे या शब्दाचा मूळ वैद्यकीय अर्थ मराठीत झाकोळला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उपद्रवाची जी व्याख्या येते तिच्यात दोन गोष्टी आहेत : तो मूळ रोगानंतरच्या काळात उत्पन्न होतो, आणि तो त्या रोगाच्याच आश्रयाने असतो. आजच्या वैद्यकीय मराठीत त्याऐवजी ‘गुंतागुंत’ हा शब्द रूढ झाला आहे. गुंतागुंतीत धागे एकमेकांत अडकल्याचे चित्र आहे, पण काळाची जाणीव नाही. ‘उपद्रव’ या शब्दात ‘नंतर’ हा भाव व्याख्येनेच अंतर्भूत आहे. प्रस्तुत निबंधात हाच शब्द योजिला आहे, त्याचे कारण हे होय.

तिसरा शब्द ‘रोपण’. ‘वाढणे’ या अर्थाच्या ‘रुह्’ धातूच्या प्रयोजक रूपापासून तो आला आहे. रोप लावणे आणि व्रण भरून आणणे हे त्याचे दोन्ही अर्थ संस्कृतात आहेत. रोपलेले मूळ धरील आणि वाढेल, ही अपेक्षा या शब्दात अभिप्रेत आहे. विसाव्या शतकातील शस्त्रवैद्याची अपेक्षा मात्र नेमकी उलट होती. कवटीखाली ठेवलेल्या पापुद्र्याने मूळ धरू नये, वाढू नये, कुजू नये, आपल्या अस्तित्वाची खूणही शरीराला पटू देऊ नये, असे त्याला हवे होते. त्या अपेक्षेचेच नाव ‘निष्क्रियता’.

३

मेंदूवर तीन आवरणे असतात. त्यांतील सर्वांत बाहेरचे जाड आवरण म्हणजे दृढतानिका. युरोपीय भाषांत तिला ‘कठोर माता’ अशा अर्थाचे लॅटिन नाव आहे. अली इब्न अब्बास याच्या अरबी वैद्यकग्रंथाचे अँटिओकच्या स्टीफनने ११२७ मध्ये लॅटिन भाषांतर केले. त्यात अरबी संज्ञेतील ‘माता’ शब्दशः उतरली आणि तीच पुढे रूढ झाली. हे आवरण फाटले किंवा गाठीबरोबर कापून टाकावे लागले तर दोन संकटे संभवतात. मेंदूभोवतीचा मस्तिष्कमेरुद्रव बाहेर झिरपू लागतो, आणि मेंदूचा पृष्ठभाग वरच्या व्रणाला चिकटून तेथून अपस्माराचे झटके सुरू होतात. म्हणून तेथे काही तरी घालणे भाग असते.

काय घालावे, याचा शोध जुना आहे. कवटीतील छिद्र कुत्र्याच्या हाडाच्या तुकड्याने बुजविल्याची एक कथा आम्स्टरडॅमचा शस्त्रवैद्य योब फान मेकेरेन याच्या १६६८ च्या ग्रंथात आली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात दृढतानिकेच्या जागी सोन्याचा वर्ख आणि रबराचा पातळ पापुद्रा वापरून पाहण्यात आला. दोन महायुद्धांनी डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांची रांगच लावली आणि हा शोध निकडीचा झाला. १९४२ मध्ये रॉबर्ट पुडेन्झ आणि गाय ओडम यांनी प्राणिज पडदे, पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे पापुद्रे आणि टँटलम धातूचा वर्ख यांची तुलना करणारे प्रयोग प्रसिद्ध केले. १९४७ मध्ये बोस्टनचे इंग्रॅहॅम, अलेक्झांडर आणि मॅट्सन यांनी पॉलिएथिलीन या नव्या प्लास्टिकची शस्त्रवैद्यकाला ओळख करून दिली. कवटीचे छिद्र बुजविण्यासाठी याच दशकात अ‍ॅक्रिलिकचा वापर वाढला.

यांतील टँटलमचे नाव अर्थपूर्ण आहे. १८०२ मध्ये स्वीडिश रसायनज्ञ एकेबेर्ग याने हा धातू शोधला आणि ग्रीक पुराणातील टँटलसवरून त्याला नाव दिले. टँटलस गळ्यापर्यंत पाण्यात उभा असूनही पाणी पिऊ शकत नाही. त्याचप्रमाणे हा धातू आम्लात उभा राहूनही आम्ल घेत नाही. निष्क्रियतेची याहून चांगली प्रतिमा सापडणे कठीण. तथापि रोग्यांच्या डोक्यात गेल्यावर या धातूने आपले इतर गुण प्रकट केले. तो उष्णतेचा वाहक असल्याने उन्हाथंडीत डोके दुखे. क्ष-किरण त्यातून जात नसल्याने खालच्या मेंदूचे छायाचित्र घेता येईना. रसायनशास्त्राच्या दृष्टीने निष्क्रिय असलेला पदार्थ भौतिकशास्त्राच्या दृष्टीने निष्क्रिय नसतो, हा पहिला धडा येथे मिळाला.

१९५३ मध्ये इंग्लंडमधील जॉन स्केल्स यांनी शरीरात ठेवावयाच्या आदर्श द्रव्याच्या कसोट्या मांडल्या. शरीरद्रवांनी ते बदलू नये, रासायनिक दृष्ट्या ते निष्क्रिय असावे, त्याने दाह उत्पन्न करू नये, कर्करोग निर्माण करू नये, अशा स्वरूपाच्या त्या होत. पुढे अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांतून त्यांचा उल्लेख होत राहिला. या कसोट्यांपैकी बहुतेक नकारार्थी आहेत, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. द्रव्याने काय करावे यापेक्षा काय करू नये हे त्या सांगतात. आणि ‘करू नये’ याची खात्री किती वर्षे पाहून करावयाची, हे त्या सांगत नाहीत.

४

या कसोट्यांना उतरणारे द्रव्य म्हणून सिलिकोनचे स्वागत झाले. हे नाव इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील रसायनज्ञ फ्रेडरिक किपिंग याने विसाव्या शतकाच्या आरंभी ‘कीटोन’च्या धर्तीवर बनविले. रचनेच्या दृष्टीने हे साम्य चुकीचे ठरले, तरी नाव टिकले. १९४३ मध्ये अमेरिकेत डाऊ कॉर्निंग ही कंपनी स्थापन झाली आणि सिलिकोन रबर औद्योगिक प्रमाणात मिळू लागले. उष्णतेने ते बिघडत नाही, पाणी त्याला भिजवीत नाही, ऊती त्याला चिकटत नाहीत. डेक्रॉनच्या जाळीवर सिलिकोनचा थर दिलेला पापुद्रा १९६० नंतरच्या काळात दृढतानिकेच्या जागी शिवला जाऊ लागला. मेंदू त्याला चिकटत नसे, म्हणजे ज्या दोषासाठी अर्धशतक शोध चालला होता तो दोष नाहीसा झाला.

उपद्रव त्याच गुणातून उत्पन्न झाला. ज्या वस्तूला शरीर चिकटू शकत नाही तिला ते आत्मसातही करू शकत नाही. अशा वस्तूवर प्रथम रक्तातील प्रथिनांचा थर बसतो. मग भक्षक पेशी येतात, त्यांना ती गिळता येत नाही म्हणून त्या एकमेकींत मिसळून महापेशी बनतात. अखेर तंतुमय ऊतींची पिशवी तिच्याभोवती तयार होते. परकी वस्तू बाहेर टाकता येत नसेल तर तिला वेगळी कोंडून ठेवावी, ही शरीराची रीत आहे. सिलिकोनच्या पापुद्र्याभोवतीही असे नवे आवरण तयार झाले. त्यात नाजूक भिंतींच्या नव्या केशवाहिन्या होत्या. पापुद्रा त्या पिशवीत सुटा राही आणि किंचित हालू शके. केव्हा तरी एखादी वाहिनी फुटे आणि रक्त साचू लागे. मेंदूवरील जुनाट रक्तस्रावाभोवती बनणारे असे वाहिनीयुक्त आवरण फिर्खो याने १८५७ मध्ये वर्णिले होते. म्हणजे यंत्रणा अपरिचित नव्हती, तिचे निमित्त तेवढे नवे होते.

१९७० नंतरच्या दशकापासून अशा रोग्यांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांतून येऊ लागली. शस्त्रक्रिया आणि रक्तस्राव यांतील अंतर काहींच्या बाबतीत थोड्या वर्षांचे, तर काहींच्या बाबतीत वीस वर्षांहून अधिक होते. अशा प्रसंगाचे स्वरूप साधारणतः ठरलेले असते. बऱ्या झालेल्या माणसाला एके दिवशी डोकेदुखी, गुंगी किंवा एका अंगाची दुर्बलता जाणवते. चित्रणात रक्त दिसते. वैद्य आघाताची किंवा रक्तदाबाची चौकशी करतो. बालपणी झालेल्या शस्त्रक्रियेचा उल्लेख रोग्याने केला नाही, किंवा केला तरी आत काय घातले होते हे त्याला ठाऊक नसले, तर कारण हाती लागत नाही. उपाय पुष्कळदा एकच असतो : पापुद्रा आणि त्याभोवतीचे आवरण काढून टाकणे. म्हणजेच शल्यतंत्राने आपल्या मूळ अर्थाकडे परत जाणे.

येथे प्रमाणाचे भान सोडता कामा नये. असा पापुद्रा बसविलेल्या सर्वांना रक्तस्राव झाला असे मुळीच नाही. अनेकांनी उरलेले आयुष्य निर्वेध काढले. मुद्दा धोका किती मोठा होता हा नसून, तो कोणत्या काळात शोधावयास हवा होता हा आहे.

५

कृत्रिम द्रव्याचा हा दोष पाहून निसर्गनिर्मित द्रव्याकडे वळावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच काळातील दुसरा एक इतिहास या समजुतीला आळा घालतो. जर्मनीतील ब्राऊन कंपनीने १९६९ मध्ये ‘लायोड्यूरा’ या नावाने मृत माणसांची दृढतानिका शीतशुष्क करून आणि किरणांनी निर्जंतुक करून बाजारात आणली. ती मानवी ऊतच असल्याने परकेपणाचा प्रश्न नव्हता. शरीर तिच्यात आपल्या पेशी भरून तिला आपलीशी करी. शस्त्रवैद्यांना ती अत्यंत सोयीची वाटली.

१९८७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या साप्ताहिकात एका तरुण स्त्रीची हकीकत प्रसिद्ध झाली. १९८५ मध्ये तिला लायोड्यूराचे रोपण झाले होते आणि आता तिला क्रॉयट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा प्राणघातक रोग झाला होता. हा रोग सांसर्गिक प्रथिनाने होतो आणि किरणांनी ते प्रथिन नष्ट होत नाही. त्यातच निरनिराळ्या मृतांची आवरणे एकत्र प्रक्रिया केली जात असल्याने एका रोगी शवाचा दोष अनेकांपर्यंत पोचू शकत होता. त्याच वर्षी कंपनीने सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया सुरू केली; १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मानवी दृढतानिकेचा वापर थांबविण्याची शिफारस केली. परंतु जे आधी रोपले गेले होते ते परत घेता येणार नव्हते. सर्वांत मोठी झळ जपानला बसली. तेथे अशा रुग्णांची संख्या पुढे दीडशेच्या वर गेली, आणि काहींच्या बाबतीत रोपण व रोग यांत सुमारे तीस वर्षांचे अंतर आढळले. २०१६ पासून आणखी एक गोष्ट पुढे आली : अशा रोपणानंतर काही दशकांनी मेंदूत आणि त्याच्या रक्तवाहिन्यांत अमिलॉइड प्रथिनाचे अकाली साठे सापडले. मूळ शस्त्रक्रियेच्या वेळी असा प्रश्न विचारण्याचे साधनच नव्हते.

सिलिकोनने शरीराशी संबंध जोडला नाही म्हणून, आणि लायोड्यूराने तो फार जवळचा जोडला म्हणून, अशा दोन विरुद्ध कारणांनी दोन्ही द्रव्ये सदोष ठरली. तेव्हा कृत्रिम विरुद्ध नैसर्गिक हा भेद येथे निर्णायक नाही. दोहोंत समान आहे तो काळ.

६

याच इतिहासाची अधिक गुंतलेली बाजू जलशीर्ष या विकारात दिसते. मेंदूच्या पोकळ्यांत द्रव साचून बालकाचे डोके वाढत जाते, असा हा विकार. १९४९ मध्ये फिलाडेल्फिया येथे फ्रँक नल्सेन आणि यूजीन स्पिट्झ यांनी हा द्रव झडप असलेल्या नलिकेने मानेतील नीलेत सोडण्याची शस्त्रक्रिया केली. पुढे कुलपे बनविणाऱ्या एका कारखान्यातील तंत्रज्ञ जॉन होल्टर याचा मुलगा १९५५ च्या अखेरीस हा विकार होऊ शकणारा जन्मदोष घेऊन जन्मला. होल्टरने घरी प्रयोग करून सिलिकोनची झडप तयार केली, आणि १९५६ मध्ये स्पिट्झने तिचा वापर सुरू केला. टँटलमच्या वर्खाचे प्रयोग करणारे पुडेन्झ हेही याच सुमारास अभियंता हायर यांच्या साहाय्याने सिलिकोनचीच झडप बनवीत होते. १९६० च्या डिसेंबरात न्यूयॉर्क येथे मोटारीच्या धडकेने जखमी झालेल्या आपल्या तान्ह्या मुलासाठी लेखक रोआल्ड डाल याने यंत्रज्ञ स्टॅन्ली वेड आणि शस्त्रवैद्य केनेथ टिल यांच्यासह तिसरी झडप सिद्ध केली. ती तयार होईतो मुलगा बरा होऊ लागला होता. तिचा लाभ इतरांच्या मुलांना झाला.

या शोधाने ज्या बालकांचा मृत्यू जवळजवळ निश्चित होता ती जगू लागली. ही गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे उपद्रव या यशाच्याच आश्रयाने उत्पन्न झाले. जे बालक जगत नाही त्याला उत्तरकालीन उपद्रव होत नाही.

१९६५ मध्ये ब्लॅक, चॅलाकोम आणि ओकेंडन यांनी लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये एक अनपेक्षित संबंध दाखवून दिला. नलिका बसविलेल्या काही मुलांना मूत्रपिंडाचा विकार होत होता. झडपेवर वस्ती केलेले सौम्य जीवाणू रक्तात सतत उतरत. त्यांच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये आणि जीवाणूंचे अंश यांची संयुगे मूत्रपिंडाच्या चाळणीत अडकत. वस्तू डोक्यातून हृदयाकडे जाणारी, आणि रोग कमरेशी! उपद्रव केवळ काळानेच नव्हे तर स्थळानेही किती दूर जाऊ शकतो याचे हे उदाहरण होय. नलिका काढल्यावर पुष्कळदा विकार ओसरे.

हे जीवाणू त्वचेवर नेहमी असणारे, एरवी निरुपद्रवी मानलेले होते. ते सिलिकोनवरच का टिकतात, याचा उलगडा १९७२ मध्ये इंग्लंडमधील रॉजर बेस्टन आणि पेनी यांच्या कामाने होऊ लागला. हे जीवाणू एक बुळबुळीत द्रव्य स्रवतात आणि त्याच्या थराखाली पृष्ठभागाला चिकटून राहतात. औषधे आणि भक्षक पेशी तेथवर नीट पोचत नाहीत. शरीराच्या ऊतींना न चिकटणारा पृष्ठभाग जीवाणूंना घर म्हणून पुरेसा होता. बेस्टन यांनी पुढे प्रतिजैविके मुरविलेल्या नलिकांचा पुरस्कार केला. ब्रिटन आणि आयर्लंडमधील सुमारे १,६०० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत साध्या नलिकांत सुमारे ६ टक्के असलेले संसर्गाचे प्रमाण अशा नलिकांत सुमारे २ टक्के आढळले.

संसर्ग हा एक भाग झाला. नलिका चोंदते, मूल वाढते तशी ती तोकडी पडते, वर्षानुवर्षांनी सिलिकोनवर चुन्याचे पुट चढून ते ठिसूळ होते आणि मानेशी किंवा छातीशी तुटते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३४४ बालकांवर तीन प्रकारच्या झडपांची तुलना झाली. तिन्हींत उल्लेखनीय फरक आढळला नाही, आणि पहिल्या वर्षातच सुमारे ४० टक्के नलिका निकामी झाल्या होत्या. झडपेची रचना सुधारण्यात चार दशके गेली होती. झडपेभोवतीच्या शरीराने मात्र आपली रीत बदलली नव्हती.

७

टेफ्लॉनची कथा याच साखळीतील पुढचा दुवा आहे. ड्यूपाँ कंपनीतील रॉय प्लंकेट याला ६ एप्रिल १९३८ रोजी हा पदार्थ योगायोगाने सापडला. जवळजवळ कशाशीही संयोग न पावणारा म्हणून तो प्रसिद्ध आहे. चेहऱ्याच्या त्रिशाखी मज्जातंतूवर रक्तवाहिनी दाबली जाऊन जो तीव्र शूल उठतो, त्यावर पीटर जॅनेटा यांनी १९६० नंतरच्या दशकात एक शस्त्रक्रिया रूढ केली. तंतू आणि वाहिनी यांच्यामध्ये पुढे टेफ्लॉनच्या तंतूंची बारीक गादी ठेवण्यात येऊ लागली. बहुसंख्य रुग्णांना तिने वर्षानुवर्षे आराम दिला. परंतु काहींचा शूल काही वर्षांनी परतला, आणि पुन्हा शस्त्रक्रिया केली असता टेफ्लॉनभोवती दाहजन्य गाठ आढळली. १९९० नंतर अशा वृत्तांतांची भर पडत गेली.

वास्तविक इशारा फार आधी मिळाला होता. न्यूयॉर्कचे ओपेनहायमर आणि त्यांचे सहकारी रक्तदाबाच्या अभ्यासासाठी उंदरांची मूत्रपिंडे सेलोफेनमध्ये गुंडाळीत. दीर्घकाळ जगलेल्या उंदरांत त्या वेष्टनाभोवती मांसार्बुदे झालेली त्यांना दिसली आणि १९४८ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. पुढील प्रयोगांत असे दिसले की निरनिराळ्या रासायनिक घटनेच्या प्लास्टिकांचे सलग पापुद्रे हाच परिणाम करतात. मानवाच्या बाबतीत असे अर्बुद अतिशय विरळ राहिले. तेव्हा या प्रयोगाने घाबरण्याचे कारण नव्हते. परंतु द्रव्याची क्रिया केवळ त्याच्या रसायनात नसून त्याच्या आकारात आणि त्याने शरीरात काढलेल्या काळातही असते, हे त्याने दाखवून दिले होते.

युरोपीय भाषांतील ‘इनर्ट’ हा शब्द ‘कौशल्यहीन, आळशी’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. ऑर्गन वायूचे नावही ‘आळशी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले. १९६२ मध्ये नील बार्टलेट याने झेनॉनचे संयुग बनविले आणि ‘निष्क्रिय वायू’ हे नाव रसायनशास्त्राला बदलावे लागले. शरीरात ठेवावयाच्या द्रव्यांच्या शास्त्राला तशीच दुरुस्ती करण्यास आणखी दोन तपे लागली. १९८६ मध्ये इंग्लंडमधील चेस्टर येथे या विषयाच्या तज्ज्ञांची परिषद भरली. तेथे मान्य झालेल्या व्याख्येप्रमाणे, एखादे द्रव्य शरीराला मानवते याचा अर्थ विशिष्ट वापरात शरीराचा उचित प्रतिसाद मिळवून ते आपले कार्य करू शकते. येथे निष्क्रियतेचा उल्लेख नाही. शरीर प्रतिसाद देणारच, हे गृहीत आहे. तो उचित आहे की नाही एवढाच प्रश्न आहे. स्केल्स यांच्या नकारार्थी कसोट्यांपासून या व्याख्येपर्यंतचे अंतर तेहेतीस वर्षांचे आहे, आणि ते प्रामुख्याने रोग्यांच्या शरीरांनी कापले आहे.

८

उपद्रव उशिरा येतो असे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न स्मरणाचा आहे. वस्तू शरीरात तीस वर्षे राहते. तिची नोंद कोठे आणि किती वर्षे राहते? जपानमधील लायोड्यूराच्या रुग्णांचा माग शस्त्रक्रियांच्या जुन्या नोंदींवरून काढावा लागला. जेथे नोंद नव्हती तेथे कारण सिद्ध करणेही अवघड होते. अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांवर कायद्याने व्यापक नियंत्रण आले ते १९७६ मध्ये. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमांनी रोपणाची माहिती देणारे पत्रक रोग्याच्याच हाती देणे आवश्यक केले. भारतात उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ च्या जुलैमध्ये सुरू झाला आणि वैद्यकीय उपकरणांची स्वतंत्र नियमावली १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली. त्यापूर्वी बसविलेल्या नलिका आणि पापुद्रे आजही अनेकांच्या शरीरात आहेत.

भीतीने केलेल्या नियंत्रणाची दुसरी बाजूही इतिहासात आहे. सिलिकोनच्या स्तनरोपणांवरून अमेरिकेत जे दावे झाले त्यांच्या भाराने १९९५ मध्ये डाऊ कॉर्निंगने दिवाळखोरी जाहीर केली. कच्चा माल पुरविणाऱ्या कंपन्या शरीरात ठेवावयाच्या वस्तूंसाठी द्रव्य देण्यास कचरू लागल्या, आणि जलशीर्षाच्या नलिकाही दुर्मिळ होतील की काय अशी चिंता निर्माण झाली. अखेर १९९८ मध्ये अशा पुरवठादारांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. सदोष वस्तू आणि वस्तूचा अभाव, या दोहोंत रोग्याला निवड नसते.

भारतात हा प्रश्न किमतीशीही निगडित आहे. परदेशी झडपा परवडत नसल्याने येथे अल्पमोली झडपा तयार झाल्या; उत्तर प्रदेशात बनणारी छाब्रा झडप ही त्यांतील सुविख्यात. बेंजामिन वॉर्फ यांनी युगांडातील १९५ बालकांवर या झडपेची आणि तिच्याहून कितीतरी महाग अशा पाश्चात्त्य झडपेची तुलना करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : एका वर्षाअखेर दोहोंच्या फलांत उल्लेखनीय फरक नव्हता. किमतीचा प्रश्न असा सुटण्याजोगा ठरला. अंतराचा सुटला नाही. मुंबईच्या किंवा पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात नलिका बसवून दूरच्या गावी परतलेल्या मुलाची नलिका सहा वर्षांनी चोंदली, तर उलटी आणि गुंगी पाहून प्रथम तपासणाऱ्या वैद्याला नलिकेची आठवण होणे, हेच पुष्कळदा जीवन-मरणाचे कारण ठरते. वॉर्फ यांनी स्वतः पुढे, शक्य तेथे नलिका न ठेवता दुर्बिणीतून मेंदूच्या पोकळीत मार्ग करून देण्याच्या शस्त्रक्रियेचा पुरस्कार केला, तो याच अनुभवातून.

९

या इतिहासातून शस्त्रवैद्यांच्या दोषाचा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. समोर मरणारे मूल असताना वीस वर्षे थांबून द्रव्याची परीक्षा पाहणे कोणालाही शक्य नव्हते, आणि आजही नाही. मेंदूत आज विद्युत्‌शलाका बसविल्या जातात. त्यांच्याभोवतीही ऊतींचे वेष्टन तयार होते. उद्या आणखी नवी द्रव्ये येतील, आणि आज ती फार तर पाच-दहा वर्षे पाहिलेली असतील. हे टळणारे नाही. टाळता येण्याजोगी आहे ती शब्दाची अतिव्याप्ती. ‘हे द्रव्य निष्क्रिय आहे’ या वाक्याऐवजी ‘हे द्रव्य इतकी वर्षे पाहिले आहे’ असे म्हटले, तर त्या वाक्यातच पुढील कर्तव्य येते : नोंद राखावयाची, रोग्याला आत काय आहे ते त्याच्या भाषेत सांगावयाचे, आणि बरा झाला म्हणून त्याचे नाव पटावरून काढावयाचे नाही.

मराठीत ‘शल्य’ या शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप ‘सल’ आहे. जखम भरल्यावर, काळ लोटल्यावर, वरून काही दिसत नसताना जे आतून टोचत राहते त्याला मराठी माणूस सल म्हणतो. बोलीने मनाच्या संदर्भात जपलेला हा अर्थ शरीराच्या संदर्भातही तितकाच खरा आहे. ठेवलेली वस्तू सलत नाही, एवढ्यावरून ती शल्य नाही असे ठरत नाही. ती अजून सलली नाही, एवढेच त्यावरून म्हणता येते.